कोपरा दुमडलेली चिठ्ठी

परळ, २० जानेवारी २०२५

माया बाय,

जय भीम. हे अक्षर शेजारच्या खोलीतल्या जगदीशचं आहे. पोस्टातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी पत्र म्हटलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याला सुरुवातीला 'चि. सौ. कां.' घालायचं होतं. मी म्हटलं, पोरगी नागपुरात लोकांचं रक्त तपासते, तिला सौभाग्याची कांक्षा नाही, सुट्टीची आहे. तेवढं खोड. खोडलंय का बघ.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. तुझा फोन म्हणजे काय, आजी बरी आहेस ना, जेवलीस ना, आणि मी 'तुझा पप्पा' एवढं बोलले की तुझं नेटवर्क जातं. नागपुरात त्या एका शब्दालाच नेटवर्क नाही वाटतं. कागदाला तसं मध्येच कापता येत नाही. फाडायचा तर आधी वाचावा लागतो.

तर ऐक. काल खाली विहारात तपासणीचा कॅम्प झाला. महापालिकेच्या दवाखान्यातली राधाताई म्हणून एक आहे, तू गेल्यावर आली. घरोघर फिरते आणि तिशीवरच्या माणसाचा दंड दिसला की बीपीचा पट्टा काढते. हृदयाचं दुखणं आत शिरताना आवाज करत नाही, म्हणून आधीच बघायचं, असं ती प्रत्येक दारात आठवडाभर सांगत होती. कंबरही मोजणार कळल्यावर निम्म्या बायका घरी बसायला निघाल्या. मी गेले. माझी कंबर म्हणजे राधाताईच्या टेपला व्यायाम झाला.

एका टेबलावर नाव सांगायचं, चिठ्ठी मिळते. दुसऱ्यावर दंडाला पट्टा, चिठ्ठीवर आकडा. तिसऱ्यावर कार्ड. हिरवं आलं तर वर्षाने परत, लाल आलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात.

तुझ्या पप्पाचं हिरवं आलं. वरचा आकडा एकशे चोवीस, खालचा अठ्ठ्याहत्तर. राधाताई म्हणाली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असं बीपी म्हणजे कौतुक आहे. कार्डाची झेरॉक्स सोबत लावलीय.

आता मला सांग. जूनमध्ये तू शाळेच्या बसच्या मालकाकडे गेलीस आणि म्हणालीस, माझ्या पप्पांना गाडी चालवताना चक्कर येते, आधी त्यांना तपासून घ्या. मालकाने पंधरा दिवस घरी बसवलं. हा म्हणाला, पोटच्या पोरीने पोटावर पाय दिला. तू बॅग भरलीस. मीही तेव्हा त्याच्याच बाजूने बोलले, आणि कार्ड बघता बरोबरच बोलले म्हणायचं. तेव्हा एक फोन कर, 'पप्पा, चुकलं' म्हण, आणि होळीच्या सुट्टीत ये. तुझ्या आईने तुझी गादी उन्हात घातलीसुद्धा.

माझी पट्ट्याची तपासणी राहिली. रांग मोठी होती. राधाताई घरी येऊन करणार आहे.

खालचा निळा ठसा माझा. जगदीश म्हणतो वाकडा आलाय. माणूस सरळ कुठेय.

तुझी आजी


परळ, ९ फेब्रुवारी

माया बाय,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. जगदीशने दोनदा वाचून दाखवलं, तरी पाचच भरल्या.

तू लिहितेस, 'जूनमध्ये मी माझ्या मशीनवर घेतलं तेव्हा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता. गोळी नाही, पथ्य नाही, मग इतका खाली आला कसा? पट्टा बांधला तेव्हा तू समोर होतीस का?'

होते. माझ्याइतकं जवळ कोणीच नव्हतं.

वकिलीण झालीस तू. असो.

इथे सगळं ठीक. तुझा पप्पा खुशीत आहे. ते हिरवं कार्ड त्याने बसमध्ये समोरच्या काचेपाशी खोचलंय. कोणी म्हटलं राजरत्न, जरा चालत जा, तर म्हणतो, सर्टिफिकेट आहे आपल्याकडे. तुझी आई मीठ कमी घालायची ते बंद झालं. सुकट, लोणचं, पापड, ताट बघून मलाच तहान लागते.

मला मात्र बसवत नाही. दुपारी त्याची यायची वेळ झाली की मी दारात. जिना ऐकते. जगदीश, हे नको लिहू. लिहिलंस? मग राहू दे. तर जिना ऐकते. पहिला मजला सरळ चढतो. दुसऱ्यावर थांबतो. चपलेचा आवाज बंद. मी मोजते, वीसपर्यंत मला येतं, मग परत एकपासून. मग तो तिसऱ्यावर येतो आणि म्हणतो, कुलकर्णींच्या दारात बोलत होतो. कुलकर्णी महिनाभर डोंबिवलीला आहेत.

परवा घरात शिरल्या शिरल्या बनियन ओढून बसला. म्हणाला, गॅस झालाय, सोडा आण. मी आणला नाही. का आणत नाहीस म्हणून चिडला. मी म्हटलं, दुकान बंद होतं. दुपारी चार वाजता.

तुला तुझ्या आजोबांचं कोणी नीट सांगितलेलं नाही. शामराव गिरणीतून आले तेव्हा सेहेचाळीसचे होते. छाती चोळत होते. म्हणाले, मीरे, वायू धरलाय. मी ओवा उकळला. पाठ चोळली. गरम पाणी आणखी दिलं. शेजारीण आली, तीही म्हणाली, वायूच आहे, ढेकर आला की मोकळं होईल. ढेकर आला नाही. दवाखाना समोरच्या गल्लीत, माझ्या पायांनी दोनशे पावलं. मी ओव्यात अर्धा तास घालवला. तुझा पप्पा तेव्हा पंधराचा, दाराला धरून उभा होता. त्याच दिवसापासून त्याला डॉक्टरचा राग आहे. म्हणतो, त्यांना बोलावलं की माणूस मरतो. आधी कोणी बोलावलं होतं?

हे मी का सांगतेय मला ठाऊक नाही. होळीचं कळव.

आजी


परळ, २० फेब्रुवारी

माया,

काल राधाताई आली. माझा दंड धरला. मशीन फुगलं, सुटलं, तिने आकडा बघितला आणि परत पट्टा बांधला. दोन्ही वेळा तेच. एकशे चोवीस, सत्याहत्तर. ती हसून म्हणाली, "आजी, माय-लेकाचं किती एकसारखं हो. राजरत्नभाऊंचं अगदी हेच होतं." मी म्हटलं, एकाच पिठाच्या भाकऱ्या. ती म्हणाली, "भाकऱ्या असतील, पण तुम्ही बहात्तरच्या, ते अठ्ठेचाळीसचे, आणि जिन्यात त्यांना धाप लागते." मला मशेरी सोड म्हणून दोन शब्द ऐकवून गेली. जाताना दारात वळून परत माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून खाजतेय.

तेव्हा तुला सांगून टाकते. जगदीश इथे बसलाय, तोही ऐकेल, इलाज नाही.

कॅम्पच्या दिवशी तुझा पप्पा माझ्या पुढे रांगेत होता. आमचा नंबर जवळ आला तसा म्हणाला, "आये, मालकाचा फोन आहे, मी आलोच, एक चहा मारून." त्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली. आता दोन चिठ्ठ्या माझ्याकडे. पट्ट्याच्या टेबलावर कोणी नवीन बाई होती. पुढचं कोण म्हणाली, मी बसले, हातातली एक चिठ्ठी पुढे केली. तिने तोंड वर केलं नाही, चिठ्ठी वाचली नाही, आकडा टाकला. मग कळलं की ती तुझ्या पप्पाची होती. मला कुठे वाचता येतं. दोन्ही कागद पांढरे.

तो आला तेव्हा कार्ड तयार. त्याने बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं म्हणेल, आये, माझा दंड तर अजून शर्टात आहे. त्याने कार्ड खिशात घातलं आणि विचारलं, "घरी जायचं ना?" त्या दिवसापासून आमच्यात त्यावर एक शब्द नाही. मी गप्प म्हणून तो गप्प, की तो गप्प म्हणून मी, ते आता शोधू नये.

जगदीशचं पेन थांबलंय. म्हणतो, "मीराकाकू, राधाताईला सांगून टाकू आपण. त्या बसमध्ये पोरं असतात."

किती असतात मला माहीत आहे. बत्तीस. तुझा पप्पा सगळ्यांची नावं घेतो. एकीला खिडकीशीच बसायचं असतं, एकाला रोज उलटी होते. गेले पंधरा दिवस डोळे मिटले की मला ती बस दिसते आणि काचेपाशी माझं बीपी.

मी राधाताईला आडून विचारलं. म्हटलं, आमच्या ओळखीत एक ड्रायव्हर आहे, त्याचं लाल निघालं तर त्याची गाडी सुटते का हो? ती म्हणाली, "काही दिवस थांबवतील. गोळी लागू पडली, आकडा खाली आला की बहुतेक जण परत कामाला लागतात. दवाखान्यात गोळी मिळते. जे तपासत नाहीत त्यांची गाडी कायमची सुटते." मग म्हणाली, "ओळखीतल्यांना पाठवा लवकर." ओळखीतल्या, यावर जोर देऊन.

जगदीशला मी शपथ घातलीय. तो नाराज आहे. पाकिटावर तिकीट तिरकं लावेल बघ.

झाली ती चूक झाली. अक्षर न येणाऱ्या बाईकडून झाली. तू राग धरू नकोस.

आजी


परळ, २ मार्च, रविवार

माया बाय,

अक्षर ओळखलंस? नसेल तर तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं काढ. तिथे सही आहे ती याच हाताची.

जगदीश कल्याणला लेकीकडे गेलाय. मीच म्हटलं, जा, आठ दिवस राहा, नातवाला बघ. आज बसला सुट्टी. जेवणं झाली, तुझी आई तिच्या बहिणीकडे गेली, आणि मी तुझ्या पप्पाला म्हटलं, वही घे, पत्र लिहायचंय. कुणाला? मायाला. म्हणाला, "मी नाही लिहिणार." मी म्हटलं, तू कुठे लिहितोयस, लिहितेय मी. तू पेन धर. आणि एक शब्द खाल्लास तर मला कळणार नाही, तिला कळेल. हेही लिही. लिहिलंय.

मागच्या पत्रात मी तुला सांगितलं की चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. तुझ्या पप्पालाही इतके दिवस तेच वाटतंय, निदान तसं तोंड करून फिरतोय. ते खोटं आहे.

अक्षर येत नाही म्हणून कागद ओळखता येत नाही असं कुठे आहे? पन्नास वर्षं या घरातलं रेशनकार्ड, लाइटबिल, तुझ्या आजोबांची गिरणीची कागदपत्रं, तुझा जन्मदाखला मी वेगळा करतेय. डागावरून, घडीवरून, वासावरून. दारावर आलेल्या प्रत्येक सरकारी माणसाला मीच उत्तर दिलंय, कारण बाकी सगळे कामावर. जनगणनेला घरातल्या सगळ्यांची वयं मीच सांगितली, तुझ्या आईला चार वर्षं लहान केलं, तिने अजून आभार मानले नाहीत. ज्याची पाळी आली आणि तो जागेवर नाही, त्याच्या जागी मी. ही सवयच आहे.

तुझ्या पप्पाने चिठ्ठी हातात दिली तशी मी तिचा कोपरा दुमडला. पुढचं कोण म्हटल्यावर उठले तेव्हा माझा अंगठा त्या दुमडलेल्या कोपऱ्यावर होता. समजून उमजून दंड पुढे केला.

पेन थांबलं. वही बाजूला ठेवून तो मोरीत गेला, नळ सोडून उभा राहिला. आता आलाय. डोळे धुतलेत, टॉवेल घेतला नाही. हेही लिही.

तो विचारतोय, "मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी विचारलं, तू का नाही विचारलंस? तुझ्या दंडाला पट्टा लागला नाही हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक?

म्हणतो, "मला वाटलं, तुझी चूक झाली."

वाटलं नाही रे. परवडलं. म्हातारी अडाणी आहे, तिने घोळ घातला, आपण काय करणार. मलाही तेच परवडलं. तुझ्या बापाने माझ्यासाठी पाटी आणली होती, मी म्हटलं चूल कोण बघेल. ती पाटी माळ्यावर आहे. इतकी वर्षं मला अक्षर नाही याची लाज होती. आणि आता त्याच लाजेच्या आडोशाला आपण माय-लेक दोघं उभे आहोत, पावसात एका छत्रीखाली उभं राहावं तसे.

का केलं, ते सांगते, माया. कार्ड हिरवं असलं की तू चुकलीस ठरशील, चुकलीस की माफी मागशील, माफी मागितलीस की घरी येशील, असा माझा हिशेब. तो वरचा. त्याच्या खाली दुसरा आहे. मला खरा आकडा नको होता. शामरावांच्या वेळी आकडाच नव्हता, म्हणून तेहतीस वर्षं मला म्हणता आलं, आम्हाला काय माहीत. आता माहीत झालं असतं. माहीत झाल्यावर जिना ऐकत बसता येत नाही, दोनशे पावलं चालावी लागतात.

जूनमध्ये तू चाललीस. मी तुला घरभेदी म्हटलं. हा शब्द मी परत घेते. याच्याच हाताने लिहून घेते.

तो आता म्हणतोय, "उद्या सोमवार, सकाळची फेरी आहे." मी म्हटलं, फेरी दुसरा कोणीतरी मारेल. तुझ्या जागी मी पट्टा बांधून घेतला, बस मला चालवता येत नाही.

यावर हसला थोडा. पाकीट आज बंद करत नाही.


३ मार्च, सोमवार

परत तेच अक्षर. आज थोडं बरं आहे, म्हणतो.

सकाळीच त्याने माझ्यासमोर मालकाला फोन लावला. "माझी तब्येत तपासायची आहे, आठ दिवस दुसरा ड्रायव्हर लावा. मुलीने सांगितलं होतं ते खरं होतं." मालक म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे काय ते बघू.

दवाखान्यात राधाताईला मी सगळं सांगितलं. ती आधी लाल झाली. म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्या कामाची माती केलीत. ज्याला शोधायला हा कॅम्प, त्यालाच तुम्ही पदराआड लपवलंत." मी मान खाली घातली. या वयात मान खाली घालायला कंबरही वाकवावी लागते. मग तिने हिरवं कार्ड मागितलं, आडवं फाडलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. आता पट्ट्याच्या टेबलावर आधी नाव विचारायचं, मग दंड धरायचा, असं त्यांचं ठरतंय. म्हणजे माझ्या नावाने एक नियम झाला. लिहिता न येणाऱ्या बाईचा.

तुझ्या पप्पाने शर्टाची बाही स्वतः वर केली. पहिल्यांदा आकडा आला एकशे ब्याऐंशी, एकशे दहा. पाव तास गप्प बसवून परत घेतला. एकशे शहात्तर, एकशे आठ. हे आकडे त्याने न विचारता लिहिलेत, मी बघतेय, पेन अडखळलं नाही. डॉक्टरीणबाईने छातीचा आलेख काढला. म्हणाली, झटका आलेला नाही, पण हृदय बरेच दिवस जास्तीचं ओझं वाहतंय, त्याची भिंत जाड झालीय. वेळेत आलात. गोळी आजपासून, मीठ अर्ध्यावर, आठ दिवसांनी परत. चपलेचा आवाज दुसऱ्या मजल्यावर बंद झाला की मोजत बसू नका, लगेच घेऊन या, असं मला. म्हणजे हेही त्याने तिला सांगितलं. मला वाटत होतं त्याला कळत नाही, मी ऐकते ते.

तू ये किंवा नको येऊस. गादी उन्हात घालणं चालू राहील.

माझा ठसा इथे. आज सरळ आलाय, असं तो म्हणतो. त्याचं काय खरं धरायचं.

खाली त्याने स्वतःहून काहीतरी लिहिलंय. हाताने झाकून लिहिलं, जणू मी डोकावून वाचणार. काय ते मी विचारलं नाही. जगदीशकडूनही वाचून घेणार नाही. तुझ्यासाठी आहे, म्हणतो.

तुझी आजी


माया,

तुझं मशीन बरोबर होतं. आकडा मी तेव्हाच पाहिला होता.

आजीला हे सांगू नकोस. त्या दिवशी मी चहाला गेलो नव्हतो. मालकाचा फोनही नव्हता. विहाराच्या मागच्या खिडकीशी उभा होतो. ती चिठ्ठी घेऊन माझ्या जागी खुर्चीत बसली, बांगड्या वर सारल्या, पट्टा बांधून घेतला, ते सगळं मी बघितलं. आत जाऊन उठवलं नाही तिला.

रोज सकाळी नऊला गोळी घ्यायची आहे. त्या वेळी फोन कर.

पप्पा